भरल्या बाजारातली उपासमार

१८४६ च्या डिसेंबरात आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, स्किबरीन गावात, सरकारी बांधकाम खात्याचा एक मदत निरीक्षक मुक्कामाला होता. गावात रोज माणसं मरत होती. त्याने वरिष्ठांना कळवलेल्या हकिगतीत एक गोष्ट नोंदवून ठेवली: एवढी दैना असूनही शनिवारच्या बाजारात मांस, पाव, मासळी, सगळं भरपूर विकायला आलं होतं.

मी पाथर्डी तालुक्यात शाळेत इतिहास शिकवला. आयर्लंडचा दुष्काळ आमच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेला असायचा: बटाट्यावर रोग पडला, लाखो लोक मेले. लेक कॉर्कच्या इस्पितळात नर्स झाली आणि मी तिच्याकडे राहायला जाऊ लागले, तेव्हा स्किबरीन पाहिलं आणि त्या निरीक्षकाची नोंद वाचली. मग मला ती एक ओळ खोटी वाटू लागली. रोगाने बटाटा मेला. माणसं कशाने मेली, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर या गावात सापडतं.

स्किबरीन कॉर्क शहरापासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे. वस्ती तीन हजारांच्या आत, पण वळण आपल्या तालुक्याच्या गावाचं. आजूबाजूच्या वीस-पंचवीस किलोमीटरमधला शेतकरी बँक, डॉक्टर, खत, बूट, कोर्टाची तारीख या सगळ्यासाठी इथेच येतो. ब्रिज स्ट्रीट, मेन स्ट्रीट, नॉर्थ स्ट्रीट असे दोन-चार रस्ते, प्रत्येक दुकानाला वेगळा भडक रंग, आणि गावाला वळसा घालून समुद्राकडे जाणारी आयलेन नदी. बाजार अजूनही शनिवारीच भरतो. पालं ठोकून मांडलेल्या टेबलांवर गव्हाच्या कोंड्याचा सोडा घातलेला तपकिरी पाव, ताजा बांगडा, शेजारच्या स्कल गावचं चीज आणि मातीसकट बटाटे असतात. बटाटेवाल्याकडे मी 'साधे बटाटे द्या' म्हटलं, तर त्याने हात थांबवून विचारलं, उकडणार की भाजणार? केर्स पिंक, रूस्टर, क्वीन या सगळ्यांची चव आणि स्वभाव त्याने मला समजावून सांगितला. उकडल्यावर ज्याचं साल तडकतं आणि आतून पिठूळ भुगा दिसतो, तो त्यांच्या लेखी खरा बटाटा. चिकट, ओलसर बटाट्याला तिथे कोणी विचारत नाही.

आणि १८४० च्या सुमारास इथला गरीब माणूस खात होता तो नेमका ओलसर, पाणचट बटाटा. लम्पर त्याचं नाव. चव बेताची, पण खडकाळ, निकस जमिनीतही भरघोस यायचा. शेतमजुराकडे स्वतःची जमीन नव्हती. तो हंगामापुरता जमिनीचा छोटा तुकडा घ्यायचा, खंड मजुरी करून फेडायचा आणि त्या तुकड्यात वर्षाचा बटाटा काढायचा. धडधाकट गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, जोडीला ताक. दुसरं अन्न नाही, हातात रोकड नाही. ओट पिकायचे, लोणी निघायचं, डुकरं पोसली जायची. पण ते सगळं खंडाच्या पैशासाठी बाजारात जायचं. म्हणजे एका घरात दोन प्रकारचं पीक होतं, एक पोटाचं आणि एक मालकाचं. रोग पडला तो पोटाच्या पिकावर.

गावाचा जन्मही एका संकटातून झाला आहे. २० जून १६३१ च्या पहाटे अल्जियर्सच्या चाच्यांनी जवळच्या बाल्टिमोर बंदरावर छापा घातला आणि शंभरावर माणसं गुलाम म्हणून पळवून नेली. त्यातली अगदी मोजकी परत आली. उरलेले लोक किनारा सोडून नदीच्या कडेने आत सरकले, तिथे स्किबरीन वाढलं. पुढे कापड विणणारे आले, नदीतून धान्य आणि लोणी जाऊ लागलं, बाजार मोठा झाला. 

१८४५ च्या शरदात बटाट्याच्या पानांवर काळे डाग दिसले. त्या वर्षी पीक अर्धंमुर्धं हाती लागलं. १८४६ च्या ऑगस्टमध्ये शेतंच्या शेतं काळी पडली आणि कुजल्याचा वास सुटला. रोग बेल्जियम आणि हॉलंडमध्येही होता. तिथेही माणसं मेली, पण आयर्लंडएवढा संहार कुठेच झाला नाही.

सरकारने उपाय काढला तो कामांचा. भाकरी फुकट द्यायची नाही, काम द्यायचं. डोंगरात रस्ते काढायचे, दगड फोडायचे, दिवसाला साधारण आठ पेन्स मजुरी. मोजमाप करून कामाप्रमाणे पैसे देण्याचा आग्रह असल्याने अशक्त माणसाला तेवढेही मिळत नसत. धान्याचे भाव तोवर असे चढले होते की आठवड्याच्या मजुरीत घरादाराला पुरेल एवढं पीठ येत नव्हतं. आणि ती मजुरीही वेळेवर मिळत नव्हती.

डेनिस मॅकेनेडी हा स्किबरीनजवळच्या कॅहेरा भागातला मजूर. रस्त्याच्या कामावर होता. २४ ऑक्टोबर १८४६ ला तो कामावरच रस्त्याच्या कडेला कोसळला आणि मेला. दोन आठवड्यांची मजुरी थकलेली होती. स्किबरीनचे डॉक्टर डॅनियल डोनोव्हन यांनी शवविच्छेदन केलं. पंचांनी निकाल दिला की हा माणूस भुकेने मेला आणि त्याला बांधकाम खात्याचा घोर निष्काळजीपणा जबाबदार आहे. त्या भागात असे निवाडे पुढेही होत राहिले. गावातल्या साध्या दुकानदार-शेतकऱ्यांचे पंच सरकारी खात्याला लेखी दोषी ठरवत होते, हे मला फार मोठं वाटतं. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं. जे होतं ते त्यांनी वापरलं.

हे वाचताना मला १९७२ चा दुष्काळ आठवणारच. मी तेव्हा लहान होते. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. आम्हा पोरांना कामावरच सुकडी मिळायची, ती मी ओंजळीत घेऊन चाटत खायचे. कामाला जाताना आईचा एकच घोर असायचा, "मस्टरवर नाव पडलं का, ते आधी बघायचं." नाव पडलं नाही तर दिवसभराची खडी पाण्यात. आमच्या दुष्काळी कामांवर भ्रष्टाचार होता, पगार लांबायचा, मुकादम माजलेले होते. पण १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं त्या कामांवर होती आणि रेशनवर धान्य येत होतं. पिकं स्किबरीनसारखीच गेली होती. प्रेतांसाठी स्किबरीनसारखे खड्डे मात्र आमच्याकडे खणावे लागले नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच कामांच्या अनुभवावर पुढे कायद्यात आली. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात मजुरी आठवड्याला, फार तर पंधरा दिवसांच्या आत द्यावी असं कलम होतं. शाळेत हे कलम शिकवताना मला ती कागदी तरतूद वाटायची. मॅकेनेडीची मजुरी नेमकी तेवढ्याच दिवसांची थकली होती.

परक्या धान्याचीही गोष्ट सारखीच आहे. इंग्लंडच्या सरकारने पहिल्या वर्षी अमेरिकेतून मका आणवला. आयरिश माणसाने मका कधी दळला नव्हता, शिजवला नव्हता. दाणा इतका कठीण की साध्या जात्याला दाद देईना. अर्धवट शिजवून खाल्ला की पोट बिघडायचं. लोकांनी त्याला तेव्हाच्या पंतप्रधान पील यांच्या नावावरून पीलचं गंधक म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडे अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची आणि गार झाली की वातड व्हायची. घरातली म्हातारी माणसं ताटावर बसून ती हाताने लांब सारायची. भुकेल्या माणसाला चव सुचते कशी, असं बाहेरच्यांना वाटतं. मी ती भाकरी खाल्लेली आहे. भूक असली तरी जीभ जागेवरच असते.

डिसेंबर १८४६ च्या सुरुवातीला स्किबरीनचे दोन प्रोटेस्टंट धर्मगुरू, कॉलफील्ड आणि टाउनसेंड, थेट लंडनला गेले. अर्थखात्याचे प्रमुख अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना भेटून त्यांनी अन्नाची मागणी केली. ट्रेव्हेलियन हे नाव हिंदुस्थानला नवं नाही. तरुणपणी ते दिल्ली आणि कलकत्त्यात कंपनीच्या नोकरीत होते, पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. बाजारात सरकारने हात घालू नये, धान्याचा व्यापार आपोआप तोल सांभाळतो, या मतावर ते ठाम होते. त्यांचं म्हणणं होतं की स्किबरीनच्या परिसरातल्या बारा जमीनदारांना वर्षाला पन्नास हजार पौंड उत्पन्न मिळतं, त्यांनी आपली माणसं पोसावीत. जमीनदारांवर बोट ठेवणं चूक नव्हतं. पण जमीनदार देत नाहीत म्हणून सरकारनेही द्यायचं नाही, या न्यायात मरायचं कोणी, हे आधीच ठरून गेलं होतं. दोघे धर्मगुरू रिकाम्या हाताने परतले. १८४८ मध्ये ट्रेव्हेलियन यांना दुष्काळातल्या कामगिरीबद्दल सर ही पदवी मिळाली. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

गावाने स्वतःच्या बळावर जे केलं ते त्याआधीच सुरू झालं होतं. नोव्हेंबर १८४६ मध्ये स्थानिक समितीने स्टीम मिल नावाच्या गिरणीत सूपचं केंद्र उघडलं. सरकारी सूपकेंद्रं यायला अजून काही महिने होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एरवी एकमेकांच्या दारात उभे राहत नसत, ते त्या समितीत शेजारी बसले. डॉक्टर डोनोव्हन दिवसभर झोपड्यांतून फिरायचे आणि जे पाहिलं त्याची रोजनिशी वर्तमानपत्राला द्यायचे. कॉर्कचे एक न्यायाधीश निकोलस कमिन्स यांनी डिसेंबरात इथल्या झोपड्यांत शिरून जे पाहिलं ते ड्यूक ऑफ वेलिंग्टनला पत्रात लिहिलं, आणि नाताळच्या आदल्या दिवशी ते लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. फेब्रुवारी १८४७ मध्ये जेम्स महोनी हा कॉर्कचा चित्रकार आला. त्याने काढलेली चित्रं इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये आली. त्यातलं कॅहेराच्या मुलामुलीचं चित्र आजही दुष्काळाच्या प्रत्येक पुस्तकात असतं: उघड्या माळावर दोन पोरं, अंगावर चिंध्या, मुलगा बोटांनी जमीन उकरून एखादा बटाटा राहिला आहे का पाहतो आहे.

त्याच महिन्यात ऑक्सफर्डचा एक वीस वर्षांचा विद्यार्थी मित्राबरोबर स्किबरीनला आला. वृत्तपत्रांत छापलेलं खरं आहे का, हे त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यांनी पाव विकत घेऊन वाटायचं ठरवलं, पण गर्दी एवढी उसळली की पाव खिडकीतून खाली टाकावे लागले. परत जाऊन त्याने प्रवासाची पुस्तिका छापली. हा विद्यार्थी म्हणजे लॉर्ड डफरिन. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय हाच होता. स्किबरीनच्या खिडकीखालचे ते हात त्याला कलकत्त्याच्या राजवाड्यात कधी आठवले असतील का, असं मला मनापासून विचारावंसं वाटतं. डफरिनने १८८७-८८ मध्ये बंगाल आणि इतर प्रांतांत गरिबांना पुरेसं खायला मिळतं का याची गुप्त पाहणी करायला लावली होती, एवढं कागदोपत्री आहे.

दुसरा धागा उलट दिशेने जातो. आयर्लंडसाठी परदेशातून अगदी सुरुवातीला जे पैसे उभे राहिले, त्यात हिंदुस्थानातले होते. १८४६ च्या सुरुवातीला कलकत्त्यात निधी सुरू झाला. पलटणीतले आयरिश शिपाई, कंपनीचे अधिकारी आणि काही हिंदी धनिक यांनी मिळून चौदा हजार पौंडांच्या आसपास रक्कम जमवली. मुंबईतही समिती बसली आणि वर्गणी गोळा झाली. पुढे दख्खनच्या १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इथपर्यंत कापली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून त्या कपातीविरुद्ध अर्ज लिहिले. पोटापेक्षा तिजोरीचा हिशेब मोठा, हे तत्त्व तेच होतं. दगड फोडणारे हात बदलले होते.

गावाबाहेर दीड-दोन किलोमीटरवर, नदीच्या काठाला, ॲबीस्ट्रूरी नावाची दफनभूमी आहे. तिथल्या हिरवळीखाली आठ ते दहा हजार माणसं असावीत असा अंदाज आहे. पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून तळ उघडणारी एकच पेटी पुन्हा पुन्हा वापरली. प्रेत खड्ड्यात पडलं की पेटी परत. गावात टॉम गेरिन या मुलाची गोष्ट अजून सांगतात. लहानपणी मेला समजून त्याला खड्ड्यात टाकलं, फावड्याच्या घावाने पाय मोडले तेव्हा तो कण्हला आणि वाचला. पुढे जन्मभर वाकड्या पायांनी त्याच भागात वावरला.

या गावातून दुष्काळानंतर राग बाहेर पडला तो जेरेमाया ओ'डोनोव्हन रॉसाच्या रूपाने. तो १८३१ चा, शेजारच्या रॉसकारबरीचा. त्याचा बाप १८४७ मध्ये सरकारी रस्त्याच्या कामावर असतानाच तापाने गेला. घर सुटलं, आई आणि भावंडं अमेरिकेला गेली आणि हा पोर स्किबरीनमध्ये नातेवाइकाच्या लोखंडी सामानाच्या दुकानात लागला. १८५६ मध्ये त्याने इथे फिनिक्स सोसायटी काढली. नावाला वाचनमंडळ, आत स्वातंत्र्याची तयारी. पुढे तुरुंग, तुरुंगात असताना पार्लमेंटवर निवड, मग अमेरिकेत हद्दपारी. १९०४ मध्ये म्हातारपणी तो परत आला आणि गावातल्या मेड ऑफ एरिन पुतळ्याचं अनावरण त्याच्या हस्ते झालं. १ ऑगस्ट १९१५ ला डब्लिनमध्ये त्याच्या दफनाच्या वेळी पॅट्रिक पिअर्सने केलेलं भाषण दुसऱ्या वर्षीच्या उठावाची नांदी ठरलं. लोखंडाच्या दुकानातला पोरका नोकर आणि देशाच्या क्रांतीची नांदी, यांच्यामध्ये एका थकलेल्या मजुरीच्या रस्त्याचं अंतर आहे.

नंतरच्या स्किबरीनबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल. १८७७ मध्ये रेल्वे आली, १८८६ मध्ये स्कलपर्यंत अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि १९६१ पर्यंत सगळ्या गाड्या बंद झाल्या. १८९८ मध्ये इथल्या स्किबरीन ईगल या छोट्या साप्ताहिकाने रशियाच्या झारवर आपली नजर असल्याचं छापलं आणि जगभर नाव झालं. लोक त्यावर हसतात. मला त्यात दुसरं दिसतं. ज्या गावाची खबर लंडनने हवी तेव्हा घेतली नाही, त्या गावाला जगावर नजर ठेवावीशी वाटणं साहजिक होतं. ईगल १९२९ मध्ये सदर्न स्टारमध्ये विलीन झालं आणि सदर्न स्टार आजही इथूनच निघतं. गुरांच्या बाजाराचे भाव, मृत्युवार्ता, ग्रामसभेची भांडणं, सगळं त्यात असतं. खगोलशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या ॲग्नेस क्लर्क याच गावच्या, १८४२ च्या, म्हणजे दुष्काळात त्या पाच वर्षांच्या होत्या. चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. १८८३ मध्ये इथेच जन्मलेल्या पर्सी लडगेटने १९०९ मध्ये आकडेमोड करणाऱ्या यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला, आजच्या संगणकाच्या पूर्वजांत त्याची गणना होते. आणि आयलेन नदीत सराव करणाऱ्या इथल्या नौकानयन क्लबच्या पोरांनी टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक आणलं. गावात कोणाशीही बोला, दुष्काळाआधी विषय निघतो तो त्या बोटींचा.

गावाचं वारसा केंद्र जुन्या गॅसच्या कारखान्याच्या इमारतीत आहे. खाली दुष्काळाचं प्रदर्शन आहे आणि आपल्या पूर्वजांचा माग काढणाऱ्यांना तिथे मदत मिळते. बरेच जण ऑस्ट्रेलियातून येतात. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या गरीबगृहांतून चार हजारांवर अनाथ मुली सरकारी योजनेत तिकडे पाठवल्या गेल्या, त्यात ११० स्किबरीनच्या होत्या. प्रत्येकीला एक लाकडी पेटी मिळाली. पेटीत काय असावं हे नियमाने ठरलेलं होतं: सहा शेमीज, दोन परकर, सहा जोड मोजे, दोन जोड बूट, दोन झगे. त्यातल्या अनेकींच्या आयुष्यातले हे पहिले पुरते कपडे असावेत.

केंद्रात मी गेले तेव्हा मेलबर्नहून आलेलं एक जोडपं चौकशी करत होतं. बाईंच्या खापरपणजीचं नाव जहाजाच्या यादीत सापडलं होतं. वय सोळा, गाव स्किबरीन, धर्म रोमन कॅथलिक, वाचता येतं, लिहिता येत नाही. त्या बाई शाळेत शिकवतात असं त्यांनी मला सांगितलं. मीही शिक्षिका, म्हणून आम्ही दोघी मग बाजारापर्यंत बरोबर चालत गेलो, आणि १९७२ बद्दल, मिलोबद्दल, मस्टरबद्दल त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की बटाटे घ्यायचे राहून गेले.